स्वयंपाकघरातलं एक मिनिट

शनिवारी दुपारी आमचा फ्रिज बंद पडला. या घरात येण्याआधी हेन्डरसन उपनगरात भाड्याच्या घरात राहायचो तेव्हापासूनचा तो म्हातारा. गेले काही महिने कण्हत-कुंथत चालला होता, मध्येच एकदा खडखडला आणि थांबला. मी कणीक मळत होते. हात परातीत तसेच ठेवून उभी राहिले, कारण फ्रिज थांबल्यावर स्वयंपाकघरात जी शांतता झाली ती माझ्या ओळखीची होती. शांतता कधी ओळखीची असते का, असं कुणीही म्हणेल. सहा उन्हाळ्यांपूर्वी मीही म्हटलं असतं.

मिलिंद आणि रेवा समुद्रावर गेले होते. जाताना रेवाचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, सापडत नव्हते म्हणून बापलेकीने घर डोक्यावर घेतलं होतं. ते गेल्यावर निवांत झालं होतं, पण निवांत वेगळं आणि हे वेगळं. व्हरांड्याच्या फळ्यांवर कांद्याची सालं वाऱ्याने सरकत होती, तेवढाच काय तो आवाज.

कांद्याचे दिवस आहेत. न्यूझीलंडमधल्या आमच्या पुकेकोहेत भर उन्हाळ्याचा जानेवारी आला की शेतातले कांदे उपटून लांबच लांब ओळींमध्ये उन्हात पसरून ठेवतात. पंधरवडाभर ते तिथेच वाळतात आणि मग वारा सुटला की गावभर सालं. आमचं घर उतारावर आणि खाली शेतं, त्यामुळे पहिला मान आमचा. पायपुसण्याखाली सालं, रबरी जँडल्समध्ये सालं, गाडीच्या वायपरला सालं. या घरात आलो त्या पहिल्या वर्षी मी दिवसातून तीनदा झाडायचे. आता झाडत नाही. सहा वर्षांपूर्वी आई इथे होती, तीच म्हणाली होती, "कशाला हात मोडून घेतेस? कांदे संपले की सालंही संपतील." शिक्षिका होती ना. कुठलीही गोष्ट एका वाक्यात उरकायची सवय.

माझ्या लॅपटॉपवर एक फाइल आहे. आवाजाची, लांबी एक मिनिट अकरा सेकंद. एबरहार्ड नावाच्या एका जर्मन दिग्दर्शकाने ती मला पाठवली, आईला जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा. सोबत दोनच ओळी होत्या. "हे तुझ्या स्वयंपाकघरात घेतलेलं. यात तुझी आई बोलते आहे, त्यामुळे सिनेमात वापरता आलं नाही, आणि त्यामुळेच टाकवलंही नाही."

ती फाइल मी उघडलेली नव्हती. वर्षांमागून वर्षं गेली, लॅपटॉप बदलला, फाइल एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर नेली, पण उघडली नाही. आईने फोनवर पाठवलेले आवाज माझ्याकडे आहेत की ढीगभर. "जेवलीस का", "रेवाचा खोकला कसा आहे", "अगं, तो हिंगाचा डबा कुठे ठेवून गेलीस". ते ऐकून ऐकून पाठ झालेत. कुठे ती श्वास घेते, कुठे मागे रिक्षा जाते, सगळं ठाऊक. ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यात आई काय म्हणते ते मला माहीत नव्हतं. ऐकलं की संपलं. न ऐकलेलं होतं तोवर आईचं माझ्याशी काहीतरी बोलायचं शिल्लक होतं. मिलिंद म्हणायचा, हा वेडेपणा आहे. आहेच मुळी. मी कुठे नाही म्हणते?

त्या वर्षी डिसेंबरात शूटिंगसाठी जागा शोधणारी एक बाई आमच्या दारात आली. जर्मन टेलिव्हिजनचा सिनेमा होता, तिकडे रविवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर घराघरांत बघतात तसला. गोष्ट अशी की हॅम्बुर्गची एक डॉक्टरीण बाप शोधायला न्यूझीलंडला येते आणि कांद्याच्या शेतकऱ्याच्या प्रेमात पडते. त्यांना उतारावरचं लाकडी घर हवं होतं, पुढे व्हरांडा आणि खाली शेत. बारा दिवसांसाठी. मी सरळ नाही म्हणणार होते. आमच्या घरात तीस परकी माणसं बूट घालून फिरणार, छे! तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "कोण आलंय? उन्हात काय उभं केलंयस त्यांना?" तिने त्या बाईला आत घेतलं, बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. सरबत पिऊन होईपर्यंत होकार झालेला होता.

आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. बाबा गेल्यानंतरची तिची पहिलीच खेप. कोथरूडच्या शाळेत जन्म गेलेला, इथे दिवसभर करायचं काय हा तिचा प्रश्न होता. खालच्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन दूध-पाव आणायचा आणि दुकानदारीण बाईला "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून यायचं, एवढा एकच कार्यक्रम. त्यामुळे शूटिंग ठरल्यावर माझ्यापेक्षा तिचीच लगबग. "तीस माणसं म्हणजे दूध किती लागेल गं?" मी सांगितलं, त्यांचं जेवणखाण त्यांच्याबरोबर येतं. तिला ते पटलं नाही. घरी आलेला माणूस आपलं जेवण बरोबर घेऊन येतो हे तिला कधीच पटलं नसतं.

आली एकदाची वरात. अर्ध्या चड्ड्या घातलेली, नाकांवर सनस्क्रीन थापलेली माणसं, वायरींची भेंडोळी, चाकाच्या पेट्या. घर सजवणाऱ्या मुलींनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढलं, स्टीलचे डबे खोक्यात भरले, त्या जागी फुलाफुलांच्या बरण्या मांडल्या. माझंच स्वयंपाकघर माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायला लागलं. मग त्यातली एक मुलगी देव्हाऱ्यापाशी आली आणि हा कसा उचलायचा म्हणून वाकून बघायला लागली. आई देव्हाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तीस वर्षं वर्गाच्या दारात जशी उभी राहिली असेल तशी उभी राहिली.

तेव्हा एबरहार्डला मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. सत्तरी ओलांडलेला, उंच, जरा वाकलेला, डोक्यावर कापडी टोपी, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने आईकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग कॅमेरावाल्याला म्हणाला, "ते राहू दे तिथेच. आपण हलू." आणि सगळा फौजफाटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला. आई मला म्हणाली, "माणूस बरा आहे." तिच्याकडून पहिल्याच दिवशी एवढे मार्क मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मिलिंदला चार वर्षं लागली होती.

आवाज धरणारा होता टामा. इथलाच, माओरी, दणकट बांध्याचा, आणि चालायचा मात्र मांजराच्या पावलांनी. त्याने पहिलं काम काय केलं, तर आमचा फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या व्हॅनच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मी बघतच राहिले. तो म्हणाला, फ्रिजची घरघर संवादात येते म्हणून बंद करावा लागतो, आणि संध्याकाळी परत चालू करायला विसरलो तर लोकांचं सगळं सामान खराब होतं. आता किल्ल्याच आत असल्यावर फ्रिज उघडल्याशिवाय घरी कसा जाईन? आईला ही युक्ती एवढी आवडली की पुण्याला फोन करकरून मावश्यांना सांगितली. दुधाची तेवढी काळजी तिने सोडली नाही. दर तासाला टामाकडे बघून म्हणायची, "मिल्क?" आणि तो अंगठा वर करून म्हणायचा, "स्वीट ॲज, आंटी," म्हणजे एकदम झकास.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी ते झालं. डॉक्टरीण आणि शेतकरी यांचा स्वयंपाकघरातला प्रसंग संपला होता. टामाने हात वर करून सांगितलं, आता एक मिनिट कुणी हलायचं नाही. हे काय असतं ते मला नंतर कळलं. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे. सिनेमा जोडताना दोन वाक्यांच्या मध्ये जे भोक पडतं तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर कान फसत नाहीत. म्हणून काम झालं की सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि नुसती खोली रेकॉर्ड करतात. बाकीचे लोक अर्धं मिनिट घेतात, एबरहार्ड पुरतं एक मिनिट घ्यायचा. त्यावरून त्याची माणसं कुरकुरायची, पण उभी राहायची.

तर तीस माणसं थिजल्यासारखी उभी. हात पुढे बांधलेले, माना खाली. आई कोपऱ्यात स्टुलावर कोथिंबीर निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. कोथिंबिरीची जुडी हळूच खाली ठेवली. उभी राहिली, ओढणी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले. मग माझ्याकडे झुकून तिने विचारलं, कुजबुजत, पण शिक्षिकेची कुजबुज ती, शेवटच्या बाकापर्यंत जाणारी,

"कोण गेलं गं?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. डोळे वटारले असतील, नाहीतर ओठांवर बोट ठेवलं असेल. टामाने हात हलवला, म्हणजे हे रद्द. रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती, ती "आजी, शऽऽ, दे आर रेकॉर्डिंग!" म्हणून फिस्कारली. सगळं पुन्हा घ्यावं लागलं.

आता यात आईचं काय चुकलं, सांगा. तीस वर्षं तिने दर तीस जानेवारीला अकराच्या भोंग्याबरोबर मुलांना उभं केलं होतं, चुळबुळ करणाऱ्याच्या डोक्यात टपली मारून. कुणी शिक्षक गेले की शाळेच्या पटांगणात उभं राहायचं, सोसायटीतलं कुणी गेलं की गच्चीवर. घरात माणसं एकदम गप्प उभी राहिली, माना खाली घातल्या, की त्याचा अर्थ आपल्याकडे एकच. आणि या घराची यजमानीण म्हणून कोण गेलंय ते विचारायला नको?

मिनिट संपल्यावर एबरहार्डने मला विचारलं, ती काय म्हणाली? मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. मी कसंबसं समजावून सांगितलं की आमच्याकडे असं उभं राहतात ते कुणी गेल्यावर. सगळे हसायला लागले, टामा तर पोट धरून. एबरहार्ड हसला नाही. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "तिला सांग, इंगे. माझी बायको. नोव्हेंबरमध्ये."

खोलीतलं हसू जिथल्या तिथे विरलं. तिथल्या एकालाही हे माहीत नव्हतं. जर्मनीहून त्याच्याबरोबर विमानाने आलेल्या कॅमेरावाल्यालासुद्धा.

मी आईला सांगितलं. तिने अरेरे केलं नाही, चुकचुकली नाही. तिने विचारलं, "दोन महिने झाले? आणि हे इथे कामाला आलेत? घरी कोण आहे यांच्या?"

"कुणी नाही गं," मी त्याला विचारून सांगितलं.

"पिठलं-भात कुणी आणून दिला?"

"आई, तिकडे असं नसतं."

"म्हणजे नाही दिला," आई म्हणाली आणि ओट्याकडे वळली. ओट्यावर त्यांच्या फुलाफुलांच्या बरण्या मांडलेल्या. तिने त्या एकेक करून बाजूला सरकवल्या. वेळापत्रक सांभाळणारी मुलगी धावत आली, दुपारी पुढचा शॉट इथेच आहे म्हणायला लागली. आईने तिच्या हातात लसूण सोलायला दिला. खोक्यातून माझी लोखंडी कढई शोधून काढली, बेसन कालवलं, कुकर चढवला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटवायची नसते, शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायचा असतो. दोन महिने झाले म्हणून काय झालं? कुणी नेलाच नव्हता तर तो अजून बाकीच होता.

एबरहार्ड व्हरांड्याच्या पायरीवर बसून चमच्याने पिठलं-भात जेवला. आई समोर स्टूल टाकून बसली. इंग्रजी तिला वाचता यायचं, बोलायची वेळ कमी यायची, त्यामुळे ती आज्ञार्थी बोलायची. "यू ईट. आफ्टर, क्राय. नो प्रॉब्लेम." तो जेवला, परत वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं. आणि मग खरंच रडला. कांद्याची सालं उडत येऊन त्याच्या टोपीवर, गुडघ्यांवर पडत होती. आईने त्याच्या पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. खाली शेताकडे बघत बसून राहिली. त्याचं रडून झाल्यावर म्हणाली, "टी?"

त्या दिवसापासून चारच्या चहाला तो पायरीवर यायचा आणि मी मध्ये बसून दुभाषाचं काम करायचे. आईने चौकशी केल्याशिवाय सोडलं नाही. गाव कुठलं, वडील काय करायचे, नोकरीला कधी लागलात. तो तिला सगळं सांगायचा, मुलाखत दिल्यासारखं नाही, तर आत्याने विचारल्यावर भाच्याने सांगावं तसं. नदीकाठचं लहान गाव. वडील नावाडी, माणसं या तीरावरून त्या तीरावर न्यायचे. हा टेलिव्हिजनच्या स्टुडिओत वायरी गुंडाळायला लागला आणि तिथल्या एका खोलीत इंगे फिल्मच्या पट्ट्या कापून जोडत बसलेली असायची. तिने याचा पहिला प्रयत्न पाहिला आणि म्हणाली, "तुझी माणसं बोलतात तेवढंच तू आणलंयस. ती गप्प असतात ते कुठाय?"

तेव्हापासून हा प्रत्येक ठिकाणाहून तिच्यासाठी एक मिनिट आणायचा. दुसऱ्या कुणाच्या सिनेमावर तिने काम केलं नाही, आणि याच्या सिनेमाला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. शांततांवर ती चिठ्ठ्या लावायची. दवाखाना, मार्च. आगबोटीची केबिन. आजीची खोली, पाऊस थांबल्यावर. आधी पत्र्याच्या डब्यांत, मग कॅसेटींवर, मग हार्ड डिस्कच्या छोट्या पेट्यांमध्ये. काम संपलं की बाकीचे लोक फेकून देतात. तिने एकही फेकली नाही.

त्याने पहिला सिनेमा थिएटरसाठी केला होता, काळा-पांढरा, नदीवर पूल होतो आणि नाव बंद पडते त्याची गोष्ट. त्याला मोठं बक्षीस मिळालं आणि थिएटरात तो एक आठवडा चालला. दुसरा कुणी करू देईना. मग टेलिव्हिजनची गुप्तहेरांची मालिका केली, ज्यात हिरो बारा महिने रेनकोट घालतो. ती आठ वर्षं. मग दवाखान्याची मालिका. मग हे रविवारचे सिनेमे, चाळीसच्या वर. सगळ्यांमध्ये एक बाई गाडीतून उतरते आणि समुद्राकडे बघते, असं तोच म्हणाला.

"म्हणजे पहिलीत पहिला नंबर आणि मग जन्मभर पास क्लास?" आईने विचारलं. मी हे भाषांतर करणार नव्हते, पण तो थांबून राहिला. केलं. तो एवढा हसला की चहा सांडला.

"वर्तमानपत्रवाले म्हणतात, मी तीस वर्षं जर्मनीला झोपवतोय," तो म्हणाला.

"मग वाईट काय त्यात? माणसांना झोप लागत नाही हल्ली," आई म्हणाली. "आणि यांना सांग, माझ्या वर्गातली पहिल्या नंबराची मुलं सगळी लांब गेली. पास क्लासवालीच घरं सांभाळतायत."

तिचा रोख माझ्याकडे होता. मी दहावीला शाळेत पहिली आले होते. ते वाक्य मी भाषांतर न करता गिळलं आणि चहाचे कप उचलून आत गेले. आतून बघितलं तर दोघं काही न बोलता बसले होते. भाषा नाही आणि दुभाषीही नाही, तरी छान चाललं होतं.

ते मिनिट पुढेही रोज व्हायचं, पण आता सगळ्यांना माहीत होतं ते कुणासाठी. कुरकूर बंद झाली. आई दर वेळी ओढणी सावरून, हात जोडून उभी राहायची. आणि दर दोन-तीन दिवसांनी मिनिट मोडायचीही तीच. एकदा "अगंबाई, दूध!" म्हणून ओरडली. एकदा टामाला शिंक आली, त्याने ती दाबायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "येऊ दे रे, दाबू नये." शेवटच्या दिवशी मिनिट संपल्यावर एबरहार्ड तिला नमस्कार करायला आला, तिच्याकडूनच शिकलेला, कोपरं जरा जास्त बाहेर काढून. म्हणाला, हा माझा शेवटचा सिनेमा. इंगे नाही तर कापणार कोण?

"शेवटचा तर शेवटचा," आई म्हणाली. "पण जोडून पुरा करा. अर्धी वही तपासायला द्यायची नाही."

त्याने तो पुरा केला. स्वतः बसून जोडला, जन्मात पहिल्यांदा.

आई फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याला परत गेली. जाताना एअरपोर्टवर म्हणाली, पुढच्या कांद्याला येते. महिन्याभरात साथीमुळे सीमा बंद झाल्या. पुढचा कांदा आला, सालं आली, आई येऊ शकली नाही. सिनेमा दाखवला तेव्हा एबरहार्डने लिंक पाठवली होती, तिच्यावरून आईने तो पुण्यात फोनवर पाहिला. भाषा जर्मन, गोष्ट ठाऊक, तरी दीड तास हलली नाही. मला म्हणाली, "अगं, त्या दोघांच्या मागे माझा कुकर दिसतोय! राहिला वाटतं उचलायचा." आनंद मावत नव्हता तिचा. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही सीमा बंदच होत्या, आणि त्या उन्हाळ्यात ती गेली.

तिचे अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. मावसभावाने फोन धरला होता, पण त्याचं लक्ष समोर होतं, त्यामुळे मला बरंचसं आभाळच दिसलं. मग त्याची बॅटरी संपली. मी इथे याच ओट्यापाशी उभी होते. बाहेर लख्ख ऊन, शेतात ट्रॅक्टर. शेजारच्या गुजराती काकी, तीन पिढ्या इथेच भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या, त्यांनी डबा आणून व्हरांड्यात ठेवला आणि लांबूनच हात जोडले. सोमवारी मी कामाला लागले, पाइपांची ड्रॉइंग्ज काढायला. ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, वीकेंड कसा होता? मी म्हटलं, क्वाएट. खोटं नव्हतं ते. पण कोण गेलं, असं मला तोंडावर कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून कुणाला सांगितलं नाही. तेव्हा मला पायरीवरचा तो माणूस कळला.

एबरहार्डला मात्र कळवलं. त्याने तीन महिने काहीच लिहिलं नाही. मला रागही आला होता. मग ती फाइल आली. मागाहून तो म्हणाला, एवढे दिवस शोधत होतो, पेट्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम इंगेचं होतं.

आता तो त्याच्या नदीकाठच्या गावात एकटा राहतो. तुर्की दुकानातून बेसन आणून पिठलं करतो, फोटो पाठवतो. गुठळ्या असतात, पण रंग बरा येतो. दर जानेवारीत विचारतो, "मिनिट ऐकलंस का?" मी म्हणते, नाही. तो म्हणतो, "घाई नाही. इंगेचे सगळे डबे मीही अजून उघडलेले नाहीत."

तर शनिवारी फ्रिज बंद पडला. आणि त्या स्वयंपाकघरात टामाने फ्रिज बंद करून किल्ल्या आत ठेवल्यावर असायची तशी शांतता झाली, अगदी तीच. आई कोपऱ्यात असेल असं वाटून मी वळून पाहिलं. स्टुलावर रेवाचा टॉवेल होता, म्हणजे तोही विसरून गेल्या होत्या बाईसाहेब. मी नळाखाली हात धुतले. मनात म्हटलं, संध्याकाळी मिलिंद नवा फ्रिज आणायला निघेल, आणि त्याची घरघर असो नसो, ही खोली परत अशी होणार नाही. ऐकायचंच असेल तर ते इथे आणि आत्ता. बोटांच्या बेचक्यांत थोडी कणीक राहिलीच होती. लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि फाइल उघडली.

आधी काहीच नाही. मग लक्षात आलं, काहीच नाही असं नाही. वारा. फळीवर साल सरकतंय. लांब एक तुई पक्षी, घशात पाणी असल्यासारखा. तीस माणसं उभी आहेत हे कळतं, ती काही करत नसली तरी कळतं. कुणाचा तरी बूट करकरला. मग बांगड्यांचा एक बारीक आवाज, आणि पाल्याची ओली जुडी पाटावर ठेवल्याचा.

हे पहिलं मिनिट होतं, ते रद्द झालेलं. मला वाटत होतं हे टामाने पुसून टाकलं असेल.

"कोण गेलं गं?"

एवढी जवळून की मी मान वळवली. आणि त्याच्या लगोलग एक दुसरा आवाज आला, तरुण, वैतागलेला, दात-ओठ खात कुजबुजणारा. तो माझा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. सहा वर्षं मला आठवत नव्हतं मी तिला काय म्हणाले ते.

"कोणी नाही गेलं गं, आई! सगळे इथेच आहेत."

"मग बरं," आई म्हणाली.